मनावर शिक्का मारून प्रश्न मिटत नाही

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी पक्षाचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने गडचिरोलीत आपल्या साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. चार दशकांहून अधिक काळ ज्या अरण्यात रक्त सांडत राहिले, तेथील रक्तपाताचा शेवट दृष्टिपथात येत असेल तर त्याचे स्वागत कोणताही लोकशाहीवादी मनापासूनच करील. परंतु या प्रसंगाबरोबर जी भाषा पुन्हा ऐकू येऊ लागली आहे, तिच्याकडे मात्र काणाडोळा करता येणार नाही. 'भरकटलेली मने', 'नक्षली मानसिकता', 'मुख्य प्रवाहात परतलेले मन' अशी ही भाषा आहे. जणू या अरण्यात जे घडले तो जमिनीचा, जंगलाचा, मजुरीचा आणि अपमानाचा प्रश्न नव्हताच. तो एक मनोविकार होता, आणि आता रुग्ण बरा होऊन घरी परतला आहे!

राजकारणात माणूस कोणत्या बाजूला उभा राहतो हे त्याच्या मनाच्या जन्मजात घडणीवरून ठरते, हा विचार आज तीन ठिकाणी सुखाने नांदतो आहे. विद्यापीठांत त्याला प्रतिष्ठा आहे. शासनकर्त्यांना तो सोयीचा वाटतो. आणि खेदाची गोष्ट अशी की, परिवर्तनवादी चळवळीतही तो लोकप्रिय होत चालला आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा इतिहास या विचाराविरुद्ध साक्ष देत उभा आहे. ती साक्ष नोंदविणे आवश्यक झाले आहे, कारण या विचाराची किंमत तेथील आदिवासींनी प्राणांनी चुकविली आहे.

पंडितांचा सिद्धांत

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. १९५० साली थिओडोर अडोर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी' हा ग्रंथ सिद्ध केला. हिटलरच्या छायेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या जगापुढे त्यांचा प्रश्न न्याय्यच होता : हुकूमशहाच्या मागे जाणारा सामान्य माणूस कसा घडतो? चार वर्षांनी हान्स आयझेंक यांनी कठोर मनाची आणि मृदू मनाची माणसे अशी विभागणी करून कम्युनिस्ट आणि फॅसिस्ट या दोघांनाही एकाच कठोर कप्प्यात बसविले. पुढे मोजमापांचा पूर लोटला. उजव्या विचाराच्या माणसाला सुव्यवस्था, परंपरा आणि पावित्र्य प्रिय असते, भय त्याला लवकर स्पर्श करते. डाव्या विचाराच्या माणसाला नावीन्याची ओढ असते, संदिग्धता त्याला खुपत नाही. असे निष्कर्ष ठामपणे सांगितले जाऊ लागले. २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. भीतिदायक चित्रे पाहून कोणाचे शरीर किती दचकते यावरून त्याची राजकीय मते ओळखता येतात, असा त्याचा दावा होता. हा दावा अमेरिकेतील लिंकन या एका शहरातील अवघ्या ४६ माणसांवर उभा होता. २०२० मध्ये त्याहून कितीतरी मोठ्या समूहावर तोच प्रयोग पुन्हा करण्यात आला, तेव्हा तो निष्कर्ष हाती लागला नाही.

याहून उद्बोधक गोष्ट अमेरिकेतील राज्यशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकाची आहे. २०१२ साली त्यात आलेल्या एका निबंधाने सांगितले की, कठोरपणा आणि बेदरकारी यांच्याशी निगडित असलेला एक स्वभावविशेष परंपरावादी लोकांत अधिक आढळतो. २०१६ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध झाली. आकड्यांचे संकेत उलटे लागले होते. निष्कर्ष नेमका विरुद्ध निघत होता! चार वर्षे हा निबंध विद्वानांच्या हाती होता. उलटा निष्कर्षही तितकाच पटण्याजोगा वाटला, याचा अर्थ काय? अर्थ इतकाच की, ज्याला प्रतिपक्षाच्या मनात दोष शोधायचा आहे त्याला तो सापडतोच. आकडे सुलटे असोत वा उलटे.

यावरून माणसामाणसांत स्वभावभेद नसतात, असे म्हणण्याचा कोणाचाही आग्रह नाही. एक भाऊ धाडसी असतो, दुसरा बेताचा. एकाला गर्दी आवडते, दुसऱ्याला एकांत. युरोप-अमेरिकेतील काही पाहण्यांत स्वभाव आणि मत यांचा सरासरीने थोडाफार संबंधही आढळतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. धाडसी भाऊ कोणत्या झेंड्याखाली धाडस करील, आणि बेताचा भाऊ कोणाच्या भयाने कोणाच्या आश्रयाला जाईल, हे स्वभाव सांगू शकतो काय? आणि जी मापे मुख्यतः पाश्चात्त्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांवर बेतली, ती एटापल्लीच्या माडियाला जशीच्या तशी लागू पडतात काय?

मापे उलटतात तेव्हा

एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरावर हे माप लावून पाहावे. या डोंगरातील लोहखनिजाचा पट्टा २००७ साली लॉईड्स कंपनीला मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तेथे सुमारे ऐंशी वाहने जाळली आणि काम थांबले. २०२१ पासून उत्खनन पुन्हा सुरू झाले आणि २०२३ मध्ये वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत खनिज काढण्यास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. परिसरातील माडिया गावांच्या दृष्टीने हा डोंगर ठाकूरदेवाचे स्थान आहे. तेथे दरवर्षी यात्रा भरते आणि त्याच यात्रेत ग्रामसभा एकत्र येऊन खाणीला विरोध नोंदवीत आल्या आहेत.

आता पंडितांच्या कसोट्या घ्याव्यात. देवस्थानाचे पावित्र्य कोणाला प्रिय आहे? विरोध करणाऱ्या ग्रामसभेला. वाडवडिलांची रीत कोण राखू पाहते? ग्रामसभाच. बदलाचे भय कोणाला वाटते? तिलाच. म्हणजे शास्त्राप्रमाणे ही ग्रामसभा कट्टर उजवी ठरली पाहिजे. उलट, नावीन्याची ओढ, जुने मोडून नवे उभारण्याचा उत्साह आणि अनिश्चितता पत्करण्याची तयारी हे सारे गुण खाण कंपनी व तिचे पाठीराखे यांच्या ठायी ओसंडून वाहत आहेत. तेव्हा ते डावे ठरले पाहिजेत! प्रत्यक्षात शासनाच्या दप्तरी मात्र ग्रामसभेचा कार्यकर्ता 'डाव्या कडव्या विचारांच्या प्रभावाखालील' ठरतो आणि कंपनी विकासाची वाहक ठरते.

जोनाथन हाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला पावित्र्यभावनेचे महत्त्व ओडिशातील भुवनेश्वर येथे राहून उमगले, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. त्याच ओडिशात २०१३ साली नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी आपल्या देवाचा डोंगर बॉक्साइटच्या खाणीला देण्यास एकमुखाने नकार दिला. पावित्र्याची भावना तेथे प्रस्थापितांच्या बाजूने उभी राहिली नाही, भांडवलाच्या विरुद्ध उभी राहिली. भावना तीच राहते. डोंगर कोणाचा आणि तो फोडणारा कोण, यावरून तिची राजकीय बाजू ठरते.

याच परिसरातील काही तरुण खाणीवर कामालाही जातात. त्यांची मने निराळी घडली आहेत म्हणून ते गेले काय? घरात शेत अपुरे आहे, पाऊस बेभरवशाचा आहे आणि रोजगाराचे दुसरे दार बंद आहे, म्हणून ते गेले. विरोध करणाऱ्या काकाच्या आणि कामाला जाणाऱ्या पुतण्याच्या मनात जे भय आहे ते एकच आहे : उद्या खायचे काय आणि राहायचे कोठे?

दोन शिक्के, एकच रीत

मनाच्या सिद्धांताचे खरे पाप यापुढे दिसते. १९८० साली आंध्रातून आलेल्या सशस्त्र तुकड्या या अरण्यात शिरल्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९९० मध्ये पोलिसांनी स्थानिक तरुणांचे 'सी-६०' पथक उभारले. तेव्हापासून एकाच पाड्यातला एक तरुण दलममध्ये आणि दुसरा सी-६० मध्ये, हे दृश्य जिल्ह्याला सवयीचे झाले. दलम सोडून आलेले काही तरुण पुढे पोलिसांत भरती झाले. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर परिसरातील चकमकींत ४० माओवादी मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक ठार झाला. या साऱ्या वर्षांतील दोन्हीकडच्या मृतांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर मडावी आणि आत्राम ही आडनावे दोन्हींत सापडतात. एकाच गोटुलात नाचलेल्या मुलांची मने दोन जातींची होती, असे म्हणण्याचे धाडस कोणता शास्त्रज्ञ करील?

हे धाडस शास्त्रज्ञाने केले नसले तरी बंदुकीने केले. माओवाद्यांनी 'खबऱ्या' हा शब्द शोधला. कोणी पोलीस ठाण्याच्या वाटेवर दिसला, कोणी दाखल्यासाठी कचेरीत खेटे घातले, कोणाचे पाटलाशी पटेनासे झाले, की त्याच्या मनात फितुरी आहे असा निवाडा होई. त्याच्या मृत्यूचे कारण मग गावाच्या वेशीवर एका पत्रकात लिहिलेले सापडे. असे शेकडो आदिवासी क्रांतीच्या नावाने मारले गेले. ज्यांच्या मुक्तीसाठी शस्त्र उचलले त्यांनाच संशयावरून संपविणाऱ्या राजकारणाला समाजवादी विचारात कोणतेही स्थान असू शकत नाही, हे येथे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

शासनाने 'नक्षलसमर्थक' हा शब्द शोधला. रीत तीच. वनहक्काचा दावा करणारा, खाणीला विरोध करणारा, मजुरीचा दर विचारणारा, यांच्या कृतीचे उत्तर देण्याऐवजी त्यांच्या मनाचा पंचनामा करावयाचा. मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतरांना शिक्षा ठोठावली. ५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या सर्वांची निर्दोष सुटका केली. त्यांच्यातील गडचिरोलीचा एक आदिवासी तरुण मात्र हा निकाल ऐकायला उरला नव्हता. तो ऑगस्ट २०२२ मध्येच तुरुंगवासात मरण पावला होता. साईबाबाही सुटकेनंतर सात महिन्यांत, ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले.

हा अनुभव गाठीशी असताना जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्यानंतर त्यात काही शब्द बदलले गेले आणि रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या व तत्सम संघटनांवर असल्याचे सांगण्यात आले. परंतु सुव्यवस्थेत हस्तक्षेप करण्याकडे ज्या कृतीचा नुसता 'कल' आहे तीही बेकायदा ठरविण्याची सोय या विधेयकात आहे. कृती सिद्ध करता येते, पुरावा तपासता येतो. कल कसा तपासावयाचा? कल पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. मनाचे शास्त्र कायद्याच्या पुस्तकात शिरले की त्याचा असा शिक्का बनतो, आणि शिक्का ज्याच्या हाती असतो तोच न्यायाधीश होऊन बसतो.

मन कशाने हलते

मग अरण्यातील माणूस खरोखर कशाने हलला? सत्तर पानांचा एक पुडा बांधून फळीवर नेणाऱ्या बाईला त्याचा दर कोण ठरवितो हे ठाऊक नव्हते. पुडे मोजणारा मुन्शी किती पुडे खराब म्हणून बाजूला काढील याचाही भरवसा नव्हता. १९५० नंतर जमीनदाऱ्या आणि मालगुजाऱ्या गेल्या, जंगल सरकारजमा झाले, आणि पिढ्यानपिढ्या निस्तारासाठी आणलेला बांबू एका रात्रीत चोरीचा माल ठरला. तोच बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला मात्र कराराने मिळत राहिला. नाकेदाराला कोंबडी आणि बेगार द्यावी लागे ती निराळीच. १९८० नंतर दलमने तेंदूपत्त्याच्या आणि बांबूतोडीच्या मजुरीचे दर वाढवून घेतले, तेव्हा लोक त्यांच्याकडे वळले. पुढे त्याच दलमने कंत्राटदारांकडून खंडणी घेऊन गावातल्या माणसांचे गळे कापण्यास प्रारंभ केला, तेव्हा लोक दुरावले. माणसे तीच, मने तीच. बदलला तो अनुभव.

हे शासनालाही कळते. गडचिरोली पोलिसांच्या 'दादालोरा खिडकी'त आज जातीचे दाखले मिळतात, योजनांचे अर्ज भरले जातात. मनात दोष असता तर पोलीस ठाण्यात दाखल्यांची खिडकी कशाला उघडावी लागली असती? दाखला न मिळणे हेच दुखणे होते, याची ही शासनानेच दिलेली कबुली आहे. प्रश्न फक्त एवढाच उरतो की, नागरिकाला तहसील कचेरीत हक्काने मिळावयाची गोष्ट बंदुकीच्या सावलीत उपकार म्हणून का मिळावी?

याच भूमीचा मागचा इतिहासही हेच सांगतो. परंपरेचा मान भोगणारा गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फासावर गेला. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर डोलणाऱ्या भाविकांनी १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर पेटविले. त्यानंतर तेथील स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांना ६३ दिवस उपोषण करावे लागले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चांद्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विराट समुदायाला धम्मदीक्षा दिली. हजारो वर्षांची रूढी एका दिवसात टाकून देणारे ते लोक खेड्यापाड्यांतले, अक्षरशत्रू ठेवले गेलेले लोक होते. १९८४ मध्ये इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम् या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले, तेव्हा बाबा आमटे आणि अहेरीचे राजे विश्वेश्वरराव आत्राम एकाच बाजूला होते. संस्थानिकाचे आणि सेवाव्रतीचे मन एका साच्यातले होते काय? बुडणारे जंगल एक होते, एवढेच.

निवडणुकांचे आकडेही पाहावेत. जून २०२४ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या दोन्ही लोकसभा जागा काँग्रेसकडे गेल्या. नोव्हेंबरमध्ये त्याच चंद्रपूर जिल्ह्यात विधानसभेच्या सहापैकी पाच जागा भाजपने घेतल्या. पाच-साडेपाच महिन्यांत जिल्ह्याची मनोरचना पालटली काय? त्याच निवडणुकीत अहेरीच्या राजघराण्यातील बाप, लेक आणि पुतण्या तीन बाजूंनी एकमेकांविरुद्ध उभे होते. त्यांच्या मनांचे पृथक्करण करीत बसण्यापेक्षा सत्तेच्या गणिताचे केले तर अधिक बोध होईल.

चळवळीच्या घरातला दोष

शासनाला आणि पंडितांना बोल लावून हा विषय संपविता येणार नाही. परिवर्तनवादी कार्यकर्त्यांच्या बैठकांत आज प्रतिपक्षाच्या मतदाराविषयी काय बोलले जाते? तो 'भक्त' आहे, त्याची बुद्धी गहाण पडली आहे, तो भयगंडाने पछाडला आहे, त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. हीच ती शिक्क्याची भाषा. येथे शिक्का मारणाऱ्याच्या हाती बंदूक किंवा कायदा नसल्यामुळे कोणी मरत नाही; परंतु संघटना मरते. ज्याला उपजतच परका मानले त्याच्या दारात कार्यकर्ता जात नाही, आणि ज्या दारात कार्यकर्ता जात नाही तेथे दुसरा कोणीतरी पोचतो. पराभवाचे कारण मतदाराच्या मेंदूत सापडले की स्वतःच्या आळसाचा हिशोब द्यावा लागत नाही, ही या सिद्धांताची सर्वांत मोठी सोय आहे.

साने गुरुजींनी पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभिले. त्यापूर्वी काही महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव हिंडून बोलत राहिले होते. रूढीने बांधलेल्या वारकऱ्याचे मन बदलणारच नाही, असे ते मानून चालले असते तर हिंडण्याचे कारणच उरले नसते. समाजवादाचा पायाच या श्रद्धेवर उभा आहे की, माणूस परिस्थितीने घडतो आणि परिस्थिती बदलूही शकतो. ही श्रद्धा सोडली तर समाजवादी आणि वर्णवादी यांच्यात फरक कोणता? वर्णवादी जन्मावरून माणसाची पायरी ठरवितो. हे नवे शास्त्र मज्जातंतूंवरून ठरविते.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने या वादाला सर्वांत समर्पक उत्तर दिले आहे. त्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलला जातो, अभ्यासगट बसतो, पुन्हा बोलणे होते. तेथेही उतावळे आहेत आणि भित्रे आहेत, जुने धरून बसणारे आहेत आणि नव्यासाठी आसुसलेले आहेत. परंतु भित्र्याची हरकत तेथे मानसिक दुर्बलता मानली जात नाही. ती माहिती मानली जाते. कदाचित त्याला जे दिसले ते उतावळ्याला दिसले नसेल! याच रीतीने चालून त्या गावाने २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविला. तरीही वनखाते बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना गावात येऊन ते परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती ठेवावे लागले. त्यानंतर गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. जेथे जंगलाचा हिशोब ग्रामसभेच्या हाती आला तेथे दलमच्या आणि कंत्राटदाराच्या, दोघांच्याही शब्दाचे वजन घटले. मनोपचाराचे कोणतेही शिबिर हे करू शकले नसते.

आता शस्त्रे खाली ठेवली जात आहेत. उद्या अरण्यात बंदुकीचा आवाज थांबला तरी सूरजागडचा डोंगर, तेंदूपत्त्याचा दर, पेसा कायद्याखालील ग्रामसभेची संमती आणि मंजूर होऊनही अंमलात न आलेले वनहक्क हे प्रश्न जागच्या जागी राहणार आहेत. ते विचारणाऱ्याला 'समर्थक' ठरविण्याची सवय शासनाला लागली आहे. ती मोडून काढण्यासाठी जनसुरक्षा विधेयकातील 'कल' या शब्दाविरुद्ध गावोगाव सभा घ्याव्या लागतील. त्याच सभांना खाणीवर कामाला जाणारा पुतण्या, सी-६० मधल्या जवानाचा बाप आणि दलममधून परतलेली मुलगी या सर्वांना निमंत्रण गेले पाहिजे, आणि तेथे त्यांचे म्हणणे प्रथम ऐकले गेले पाहिजे. पक्षाच्या चंद्रपूर आणि गडचिरोली येथील कार्यकर्त्यांनी तेंदूपत्त्याच्या येत्या हंगामापूर्वी या कामास लागावे.